एकतीस पानांचे चौकोन

नववीच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रकल्प अहवाल संगणकावर टाइप करून, शाळेच्या संगणकावर उघडेल अशा फाइलच्या रूपात सादर करावा, हस्तलिखित कोणत्याही परिस्थितीत स्वीकारले जाणार नाही, अशी सूचना शाळेने काढली. सूचना हाताने लिहिलेली होती. प्रकल्पाला वीस गुण होते, आणि ज्याला शून्य मिळेल त्याला नववीतच आणखी एक वर्ष काढता यावं, अशी सोय नियमांत करून ठेवलेली होती.

आईला या सूचनेत काहीच वावगं दिसलं नाही. विमा कंपनीच्या आवक विभागात तिची बावीस वर्षं गेली होती. आलेल्या कागदावर ‘मिळाले’ असा शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि कागद पुढे सरकवायचा, हे तिचं काम. कागद वाचणं हे दुसऱ्या विभागाचं काम होतं. तो विभाग कुठल्या मजल्यावर आहे, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

तिची मुलगी मात्र विचारण्यात पटाईत. म्हणून घरीदारी सगळे तिला वकीलसाहेब म्हणत. वकीलसाहेबांनी विषय निवडला ‘शाळेची पाण्याची टाकी: तीस दिवसांचं निरीक्षण’. नववीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता आणि खिडकीतून समोर शाळेच्याच बैठ्या इमारतीवरची, पिण्याच्या नळांना पाणी पुरवणारी टाकी स्पष्ट दिसायची. झाकण अर्धं तुटलेलं होतं, उरलेल्या अर्ध्यावर कबुतरं बसायची. तीस दिवसांत टाकी एकदाही धुतली गेली नाही. त्याच तीस दिवसांत पोट दुखतंय म्हणून एक्केचाळीस मुलं मधल्या सुट्टीनंतर घरी गेली, त्यांतली सव्वीस पहिली-दुसरीतली. तक्ता, झाकणाचा फोटो आणि चार सूचना धरून अहवाल चौदा पानांचा झाला. आईला लेकीचं फार कौतुक वाटलं. अहवाल वाचायचं तेवढं राहून गेलं.

टाइपिंग घरच्या संगणकावर झालं. तो आईच्या ऑफिसने मोडीत काढलेला होता आणि त्यातला लिहिण्याचा प्रोग्राम इतका जुना, की बनवणारी कंपनीसुद्धा आता त्याला ओळख दाखवत नसे. पेन ड्राइव्ह घेऊन वकीलसाहेब शाळेत गेल्या. फाइल उघडली आणि चौदाच्या चौदा पानांवर एकसारखे रिकामे चौकोन उमटले.

संगणकाच्या सरांनी चष्मा वर करून निदान केलं की फॉन्ट घरीच राहिला आहे. शाळेच्या संगणकात बाहेरचा फॉन्ट टाकायला व्यवस्थापनाची परवानगी लागते. परवानगीचा अर्ज व्यवस्थापनाच्याच फॉन्टमध्ये करावा लागतो, आणि तो फॉन्ट शाळेच्या संगणकात नाही. सरांनी हे सगळं न अडखळता सांगितलं, त्यावरून त्यांनी ते पूर्वीही बऱ्याचदा सांगितलं असावं.

वडिलांनी एकदा बंद करून पुन्हा उघडून बघायला सांगितलं आणि ते वर्तमानपत्राकडे वळले. आईने पेन ड्राइव्ह खालच्या मजल्यावर दिराकडे नेला. त्याच्याकडे नवाकोरा लॅपटॉप होता. दोन दिवस खपून त्याने सगळा मजकूर नव्या प्रोग्राममध्ये आणला, तक्त्याच्या रेघा पुन्हा जुळवल्या आणि छाती फुगवून सांगितलं, “वहिनी, आता ही फाइल जगातल्या कुठल्याही संगणकावर उघडेल.”

शाळेचा संगणक त्या जगात मोडत नव्हता. फाइल पुन्हा चौकोनांतच उघडली, आणि या खेपेला चौदाची एकतीस पानं झाली. रेघा कुठल्याकुठे गेल्या. झाकणाचा फोटो तेवढा सत्ताविसाव्या पानावर शाबूत होता.

तो मुदतीचा शेवटचा दिवस होता. सरांनी तपासणीचा कागद काढला. फाइल उघडते का? उघडते. किमान दहा पानं आहेत का? एकतीस आहेत. समास चारही बाजूंनी सारखा आहे का? आहे. वाचता येते का, असा रकाना त्या कागदावर नव्हता, आणि नसलेला रकाना भरण्याचा अधिकार सरांना नव्हता. त्यांनी एकतीस पानं छापली, वर ‘प्रमाणित प्रत’ असा शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

आठवड्याने निकाल लागला. तीन शिक्षकांच्या समितीने वीसपैकी एकोणीस गुण दिले होते. शेरा होता: ‘मांडणी शिस्तबद्ध. भाषा संयत. विषयाला धरून.’ फोटोमुळे अहवालाच्या एकसारखेपणाला बाधा येते, म्हणून एक गुण कापला होता. एवढे गुण वर्गात दुसऱ्या कुणालाच नव्हते, त्यामुळे पहिलं बक्षीसही मिळालं.

आईने तासाभरात ही बातमी जिन्यातल्या सगळ्या दारांवर पोचवली. वकीलसाहेब धुमसत होत्या. कुणी वाचलंच नाही, हे त्यांचं एकच पालुपद. गुण मिळाले ना, मग गप्प बस, हे आईचं. शेवटी वकीलसाहेबांनी काकाकडून वाचता येणारी चौदा पानं छापून घेतली आणि थेट मुख्याध्यापिकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दुसऱ्याच दिवशी आईला शाळेतून बोलावणं आलं.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या टेबलावर दोन्ही प्रती शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या आणि मध्ये विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली होती.

“ही प्रत प्रमाणित प्रतीशी जुळत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “हिच्यात जागोजागी शब्द आहेत.”

“मुळात शब्दच होते हो, बाई.”

“असतील. आमच्यापर्यंत आले नाहीत. आता ही प्रत खरी मानायची, तर मुलीने भलतीच प्रत देऊन एकोणीस गुण घेतले असं होतं. म्हणजे शून्य, आणि नववी पुन्हा. ती प्रत खरी मानली, तर सगळं जागच्या जागी राहतं.”

“आणि टाकी?” दाराशी उभ्या असलेल्या वकीलसाहेबांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी प्रमाणित प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. “यात टाकीचा उल्लेख कुठे आहे?”

“सत्ताविसाव्या पानावर फोटो आहे.”

“त्याचा एक गुण कापलेला आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी आईपुढे एक छापील कागद सरकवला. ‘वरील एकतीस पानांचा मजकूर मी वाचला असून तो माझ्या पाल्याचाच आहे.’

आईने लेकीकडे पाहिलं. पोर त्या छापील कागदाकडे टक लावून बघत होती. आईला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा वाया जाणाऱ्या वर्षाची भीती जास्त वाटली. बाकी बावीस वर्षांच्या सवयीच्या हाताने केलं. तारीख, सही, कागद पुढे. वाचता येणाऱ्या चौदा पानांवर मोठ्या बाईंनी ‘मिळाले’ असा शिक्का मारला आणि ती कपाटात ठेवून दिली.

वकीलसाहेब चार दिवस आईशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, की मला मोठी पाण्याची बाटली हवी.

पालकसभेच्या दिवशी बक्षीसपात्र अहवालाचं पहिलं पान काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. जास्तीत जास्त लोकांच्या नजरेला पडावं म्हणून ते नळांच्या वर टांगलं होतं. आई तिथे पोचली, तेव्हा एक गृहस्थ आपल्या पहिलीतल्या मुलीला कमरेला धरून नळापाशी उचलत होते. त्यांनी मान वर करून चौकट पाहिली, खालचं नाव पाहिलं आणि आईला ओळखलं.

“तुमच्या मुलीचं ना हे? छान लिहिलंय हो.”

“थँक यू,” आई म्हणाली.

छोटी घटाघटा पाणी पीत होती. आई तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलंही, पण मागे रांग होती आणि सभेची घंटा झाली होती.

तुम्हाला या आईचा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. फक्त परवा मुलाच्या शाळेतून आलेल्या ज्या कागदावर तुम्ही ‘वाचले’ म्हणून घाईघाईत सही केलीत, त्यात काय लिहिलं होतं तेवढं एकदा आठवून बघा. आठवेपर्यंत त्याला घरून पाण्याची बाटली देत जा.