बाहीला बाही, पाठीला पाठ

घर एका दिवसात वळणावर आणता येतं, फक्त घरातली माणसं तेवढा वेळ बाहेर हवीत, असं टाचणीकाकांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी कचेरीत इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मोठ्या साहेबांनी, कौतुकानं म्हणा की वैतागून म्हणा, येत्या सोमवारी सगळ्यांसमोर तासभर बोलायचं काम त्यांच्याच गळ्यात घातलं. पैसा, काम, घर आणि आपण स्वतः यांचा मेळ कसा घालावा, असा विषय होता. त्या दिवशी काका घरी आले ते जमिनीपासून चार बोटं वरूनच.

काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दप्तरखाना सांभाळत. फाइल बंद करण्याआधी कागदांच्या टाचण्या काढायच्या, कारण टाचणी गंजते आणि कागद खाते, असा तिथला नियम. चोवीस वर्षांत काकांनी या नियमाचा धर्म केला होता. कोणाच्याही टेबलावर टाचणी दिसली की त्यांची बोटं शिवशिवत. समोरचा माणूस बोलत असला तरी त्याच्या हातातल्या कागदाची टाचणी ते अलगद काढून खिशात टाकत. नाव त्यावरूनच पडलं होतं.

व्याख्यानासाठी त्यांनी वही केली. पैशाच्या पानावर लिहिलं, बाजारात भरल्या पोटी जावं. कामाच्या पानावर, एकसारखी कामं एका बैठकीत उरकावीत. घराच्या पानावर, एकसारख्या वस्तू एकत्र ठेवाव्यात. स्वतःच्या पानावर, महिन्यातून एक दिवस माणसानं काहीही करू नये. युक्त्या चांगल्याच होत्या, त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं कोणी म्हणायला नको, म्हणून काकांना घरचं एखादं खणखणीत उदाहरण हवं होतं. आणि उदाहरण तर घरात केव्हाचं पसरलेलं होतं. काकूंची शिवणखोली!

काकू कपडे शिवत. एकोणीस वर्षं शाळेचे गणवेश, पडद्यांचे काठ आणि शेजारपाजारची दुरुस्ती करता करता आता कुठे एक मोठं काम हाती आलं होतं. गावातल्या अकरा बायकांच्या गायनमंडळीचा रविवारी नाट्यगृहात कार्यक्रम होता. त्यांच्यासाठी एकाच निळ्या कापडाचे अकरा लांब अंगरखे हवे होते. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकबाई ते स्वतः पाहणार होत्या, आणि पसंत पडले तर वर्षभराच्या नाटकांचे सगळे कपडे काकूंकडे येणार होते. कपडा उशिरा दिला असं एकोणीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. हा त्यांचा अभिमान होता, आणि तो त्या बोलून दाखवत नसत एवढाच काय तो काकांच्या आणि त्यांच्या अभिमानातला फरक.

कापड बेतून झालं होतं. बुधवारी बायकांना बोलावून अंगावर टाचून पाहणंही झालं होतं. आता शुक्रवार-शनिवार यंत्रावर बसायचं की झालं. खोलीत खाली चादर अंथरून काकूंनी अकरा ढीग लावले होते. एकेका ढिगात एकेका बाईचे सहा तुकडे, म्हणजे दोन पुढचे, एक पाठ, दोन बाह्या आणि कॉलर. वर टाचणीनं अडकवलेली मापाची चिठ्ठी. तुकड्यांवर खडूच्या खुणा. काकांनी दारातून पाहिलं तेव्हा त्यांना त्यात अकरा ढीग दिसले नाहीत, एकच मोठा पसारा दिसला.

गुरुवारी त्यांनी रजा काढली आणि सकाळीच काकूंना सांगितलं की आजचा दिवस तुझा, बहिणीकडे जा, लोळ, झोप, काही करू नकोस. काकूंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग खरंच गेल्या.

घरात राहिल्या सासूबाई. काकूंच्या आई, वय ऐंशी, खिडकीजवळची खुर्ची त्यांची. त्यांनीही पूर्वी शिवणकाम केलेलं. पण जावयाला उलट बोलायचं नाही, हे व्रत त्यांनी लेकीच्या लग्नाच्या दिवशी घेतलं होतं आणि तेव्हापासून मोडलं नव्हतं.

काकांनी बाह्या सरसावल्या. आधी टाचण्या काढल्या, डबीत घातल्या. चिठ्ठ्यांवर नाव नव्हतं, नुसतं काहीबाही लिहिलेलं. ‘उं. ४२, छा. ३९, श्वास मोठा.’ ‘डा. खां. पाऊण खाली.’ बिनानावाचे कागद पाहून काकांना बायकोची कीव आली. त्यांनी चिठ्ठ्या उंचीच्या उतरत्या क्रमानं लावल्या, पान क्रमांक घातले आणि नव्या कोऱ्या फाइलमध्ये बसवल्या. मग एकसारख्या वस्तू एकत्र. बाह्यांत बाह्या, पाठीत पाठी, कॉलरीत कॉलरी. तुकड्यांवर पांढरा भुगा दिसला, तो ओल्या फडक्यानं पुसला आणि वरून इस्त्री फिरवली. चार खोकी झाली. त्यांवर सुवाच्य अक्षरात पट्ट्या चिकटवल्या. ‘बाह्या, एकूण २२.’

“जावईबापू,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “बाहीला बाही लावताय होय?”

“हो. एकसारख्या वस्तू एकत्र.”

“बरं, बरं,” म्हणून सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

पाचला काकू परत आल्या. कितीतरी वर्षांनी त्या दुपारच्या झोपल्या होत्या, चेहऱ्यावर नवा तजेला होता. काकांनी त्यांचे डोळे झाकून त्यांना शिवणखोलीत नेलं आणि हात बाजूला केले. चादर घडी घालून ठेवलेली, लादी लखलखीत, भिंतीशी चार खोकी रांगेत. कौतुक सुरू होण्याची वाट पाहत काका उभे राहिले.

काकूंनी एक खोकं उघडलं. मग दुसरं. मग फाइल चाळली. मग त्या स्टुलावर बसल्या.

“खडू कुठाय?” त्यांनी विचारलं.

“पुसला. धूळच होती नुसती.”

काकू रागावल्या की स्वयंपाकघरात भांडी वाजत, हा घरातला रिवाज. काका भांड्यांची वाट पाहू लागले. भांडी वाजली नाहीत. तेव्हा मात्र ते घाबरले. त्यांनी सुचवून पाहिलं की चिठ्ठ्या आहेतच, मोजून पुन्हा लावू, त्यात काय एवढं. त्यावर काकूंनी, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. चिठ्ठ्या महिन्यापूर्वीच्या. बुधवारी अंगावर टाचून पाहिल्यावर कुठे पाव इंच काढला, कुठे अर्धा सोडला, आणि ते सगळं खडूत होतं.

“म्हणजे आता...” काका म्हणाले.

“म्हणजे आता सहासष्ट निळी फडकी आहेत. इस्त्री केलेली.”

सासूबाई म्हणाल्या की मी पाहत होते गं, पण जावयाला कसं बोलायचं? काकूंनी विचारलं की मग निदान मला फोन तरी करायचा होतास. तर म्हणे, तू विश्रांती घेत होतीस ना!

आपण काय करून बसलो हे काकांच्या डोक्यात तेव्हा उतरलं. रविवार, नाट्यगृह, एकोणीस वर्षं, सगळं एकदम. त्यांना इतकी लाज वाटली की आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे सांगायला एकही युक्ती नव्हती. मी आता काय करू, असं त्यांनी हळूच विचारलं.

“उद्याही रजा टाका,” काकू म्हणाल्या. “आणि मी सांगेन तेवढंच करा.”

शुक्रवारी सकाळी काकांनी साहेबांना फोन करून रजा मागितली आणि त्याच दमात सोमवारचं व्याख्यानही रद्द करून घेतलं. कारण विचारलं तेव्हा घरी काम आहे एवढंच म्हणाले.

काकूंनी चादर पुन्हा अंथरली आणि अकरा पाठी तिच्यावर शेजारी शेजारी मांडल्या. काकांना अकराही सारख्याच दिसल्या. काकू मात्र अनवाणी पायांनी त्यांच्या मधून फिरू लागल्या, आणि जत्रेत ओळखीची माणसं भेटावीत तशा एकेका पाठीशी थांबू लागल्या. ही टपालवालीची. वीस वर्षं डाव्या खांद्याला पिशवी, तो खांदा पाऊण बोट उतरलाय. ही बेकरीवालीची, कणीक तिंबून उजवा दंड भरलाय, जाड बाही हिची. ही शाळेतल्या बाईंची, फळ्यावर लिहायला हात वर जातो म्हणून मुंढा सैल सोडलाय. ही नर्सबाईंची, ती हल्ली वाळलीय, तिला काहीतरी होतंय पण सांगत नाही. पाठ हातात घेऊन त्या मुंढ्याची गोलाई बोटानं चाचपत, मग बाह्यांच्या खोक्यात हात घालून तशीच बाही काढत. बाही मुंढ्याला लावली की बसायची. काका फाइल उघडून चिठ्ठीवरचा आकडा वाचत, आणि आकडा पाव इंचानं चुकला की काकू सांगत, बरोबर, बुधवारी काढलाय तो.

काकांचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. चोवीस वर्षांत त्यांनी लाखभर कागद लावले होते, पण त्यातल्या एकाही कागदाच्या माणसाचा चेहरा त्यांना ठाऊक नव्हता. इथे बिनानावाच्या अकरा पाठी होत्या आणि बायकोला त्यातल्या प्रत्येकीचं दुखणंखुपणं माहीत होतं. हिच्या खोलीला आपण पसारा म्हणालो, या विचारानं त्यांना गहिवरून आलं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. काकूंनी सांगितलं की गहिवर नंतर, आधी ती कॉलर इकडे द्या.

दुपारपर्यंत नऊ जुळले. उरल्या दोन पाठी आणि चार बाह्या. एक पाठ मंडळीच्या म्होरक्या बाईंची, दुसरी त्यांच्यातल्या सगळ्यात खर्जात गाणाऱ्या बाईंची. दोघीही धिप्पाड, दोघींचे खांदे सरळ. काकूंनी दोन्हीवर तीनतीनदा हात फिरवला आणि मान हलवली. कोणती कोणाची ते हाताला कळत नव्हतं, आता अंगच हवं होतं. मग त्यांची नजर काकांवर गेली आणि डोक्यापासून पोटापर्यंत सावकाश खाली आली.

“सदरा काढा,” त्या म्हणाल्या. “छाती तुमची म्होरक्या बाईंएवढीच आहे.”

चार वाजता काका शिवणखोलीच्या मधोमध, निळा अंगरखा घालून, दोन्ही हात आकाशाकडे करून उभे होते. अंगरख्याला चाळीसेक टाचण्या होत्या. जन्मभर ज्यांच्याशी वैर केलं त्या सगळ्या जणू बदला घ्यायला जमल्या होत्या. वरचा सूर लावताना बाईंची छाती किती फुगते ते पाहायचं होतं, म्हणून काकू म्हणतील तेव्हा श्वास भरायचा आणि म्हणतील तेव्हाच सोडायचा. काकांनी नुकताच एक मोठा श्वास भरला होता तेवढ्यात दाराची घंटी वाजली, आणि जावयाची अवस्था ठाऊक असूनही सासूबाईंनी दार उघडलं. दारात म्होरक्या बाई. इथून जात होते, म्हटलं डोकावावं.

बाई आत आल्या आणि आपल्या अंगरख्यातल्या काकांकडे पाहत राहिल्या. काकांना हात खाली घेता येईना, श्वास सोडता येईना. त्यांचा रंग हळूहळू अंगरख्याला शोभेल असा होत गेला. आता सगळं फुटणार, काम जाणार, आणि आपल्या एका टाचणीपायी जाणार, असं त्यांना स्पष्ट दिसलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

काकूंनी तोंडातल्या दोन टाचण्या शांतपणे काढल्या.

“बसा ना,” त्या म्हणाल्या. “मोठं काम असलं की मी प्रत्येक कपडा आधी जित्या माणसावर पाहते. ह्यांनी मुद्दाम रजा काढलीय.”

म्होरक्या बाई स्टुलावर बसल्या. आजवर दहा ठिकाणी कपडे शिवले, त्या म्हणाल्या, पण कपड्यासाठी नवरा उभा करणारी शिंपीण पाहिली नाही. जाताना त्यांनी काकांनाही शाबासकी दिली. ती खांद्यावर दिली, आणि तिथे सहा टाचण्या होत्या.

शनिवारभर यंत्र चाललं. काकूंचा पाय थांबला नाही. काकांनी गुंड्या लावल्या, दोरे तोडले, दोन वेळा खिचडी टाकली आणि एकही सूचना केली नाही. सासूबाईंनी व्रत थोडं सैल करून त्यांना गुंडी कशी घट्ट लावायची ते दाखवलं. रविवारी दुपारी सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधी अकरा अंगरखे नाट्यगृहात पोचले.

संध्याकाळी काका मागच्या रांगेत बसले. पडदा वर गेला आणि अकरा निळ्या बायका ओळीनं आल्या. एकीचा खांदा उतरलेला दिसला नाही, एकीचा दंड जाड दिसला नाही. नर्सबाई तर सगळ्यांत उठून दिसत होत्या. शेवटच्या गाण्यात अकराही जणींनी हात उंच केले, म्होरक्या बाईंनी वरचा सूर लावला, आणि काकांनी श्वास रोखून धरला. एकही टाका उसवला नाही. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा काका उभे राहिले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागले की हे सगळं माझ्या बायकोनं शिवलंय. त्या माणसानं एकदा मान डोलावली. मग काकांनी त्याच्या पलीकडच्यालाही सांगितलं.

कार्यक्रमानंतर व्यवस्थापकबाई स्वतः काकूंना शोधत पडद्यामागे आल्या. अशी बसवणूक मी पाहिलेली नाही, त्या म्हणाल्या, वर्षभराचं काम तुमचं. काकूंनी फक्त बरं म्हटलं, पण काकांची बाही त्यांनी घट्ट धरली होती. काकांना इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचं काहीच सुचेना.

“आणखी एक विचारायचं होतं,” व्यवस्थापकबाई म्हणाल्या. “आमच्या कपड्यांच्या खोलीत चाळीस वर्षांचे कपडे पडलेत. कशाचा कशाला पत्ता नाही. तुमचे यजमान दप्तरखान्यात असतात ना? एखाद्या सुट्टीच्या दिवशी जरा नीट लावून देतील का?”

काकांची मान आपोआप ताठ झाली. चाळीस वर्षांचे कपडे त्यांच्या डोळ्यांपुढे खोक्याखोक्यांनी उभे राहिले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

“त्यांना वेळ नसतो हो,” काकू म्हणाल्या.

“रविवारीसुद्धा?”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

“रविवारी तर अजिबातच नसतो,” काका म्हणाले.