गाणी जरा पळवली त्याची गोष्ट

"बघच तू ताई, आठवड्याभरात फोन खणखणले नाहीत तर नावाचा बाळ्या नाही!"

बाळ्याचे केस पिकले होते. पण जुन्या गाण्यांच्या त्या रेडिओ केंद्रावर निवेदन करायला त्याची थोरली बहीणच असल्यामुळे, केंद्रप्रमुख होऊनही तो बाळ्याच राहिला होता. मालकांनी निक्षून सांगितलं होतं, ऐकणारं कुणी आहे हे महिन्याभरात दाखवा, नाहीतर केंद्राला कुलूप. आणि फोन तर असा मुका, की तो चालू आहे ना हे बघायला ताई अधूनमधून उचलून कानाला लावायची.

बाळ्याने डोकं खाजवून खाजवून ठरवलं, गाण्यांचं वय आड येत नाही, त्यांचं रेंगाळणं येतं. त्याने संगणकावर सगळ्याच गाण्यांचा वेग वाढवून टाकला. कुणाला कळणारही नाही, नुसतं तरतरीत वाटेल म्हणे.

"अरे, गाण्याला कुठे गाडी गाठायचीय?" ताई म्हणाली. पण बाळ्या ऐकतोय कसला.

सकाळची पहिली दोन गाणी संपतायत तोच फोन वाजला. बाळ्याने ऐटीत उचलला.

"माझी अंडी कच्ची राहिली," एक आजोबा गुरगुरले.

"मग मी काय करू?"

"काय करू म्हणजे? तुमच्या पहिल्या गाण्याला पातेलं चढवतो, दुसरं संपलं की उतरवतो. आज फोडलं तर सगळं ताटलीभर पसरलं."

मग रांगच लागली. एका काकूंच्या केसांना रंग अर्धवट चढला होता. शाळेच्या बसचा चालक गाणं संपलं म्हणून निघाला, तर निम्मी मुलं अजून घरी बूटच चढवत होती. बाळ्या "चुकलं, चुकलं" म्हणत घामाघूम झाला.

त्यानंतरचा आवाज मात्र अगदी हळू होता.

"आमची ही आजारातून उठलीय. रोज तुमच्या एका गाण्यावर पलंगापासून खिडकीपर्यंत चालते. आज गाणं संपलं आणि ही मधेच उभी. म्हणते, मीच मागे पडले, आता नाही जमायचं."

बाळ्या घाईघाईने म्हणाला,

"वहिनींना सांगा, त्यांचं काही चुकलेलं नाही. गाढव मी आहे. फोन ठेवू नका."

त्याने धावत जाऊन वेग पूर्ववत केला आणि तेच गाणं पुन्हा लावलं. ताई माइकवर म्हणाली, "हे खिडकीकडे निघालेल्या वहिनींसाठी. सावकाश या, आम्ही थांबलोय."

भाऊबहीण एकाच रिसीव्हरला कान लावून उभे राहिले. गाणं संपलं.

"पोचली," पलीकडून आवाज आला.

ताईने डोळे पुसले.

संध्याकाळी मालकांचा फोन लागला, दिवसभर लाइन मिळाली नाही म्हणून ते तडकलेलेच. बाळ्याने सगळं कबूल केलं.

"म्हणजे लोक ऐकतात?" मालक चक्रावले. "मग आजवर एकाने तरी फोन का केला नाही?"

ताईने रिसीव्हर काढून घेतला. "सगळं सुरळीत चालू असताना फोन कोण करतं, साहेब?"

मालक शेवटी म्हणाले,

"ठीक आहे, चालू ठेवा केंद्र. पण मधूनमधून असं काहीतरी चुकवत जा."

"त्याची काळजीच नको," ताई म्हणाली. "बाळ्या आहे ना."