बावीस मिनिटांचा बाक

परिवहन कचेरीत ज्यांना सगळे आकडेशास्त्री म्हणत, त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला तो भर बैठकीत, आणि वर टाळ्याही मिळवल्या. मेट्रो, लाँच आणि बस या तिन्हींना चालणाऱ्या एकाच कार्डाची वर्षभराची माहिती चाळून त्यांनी शहरातला सर्वांत वाईट थांबा शोधून काढला होता. लाँचच्या धक्क्यासमोरच्या या थांब्यावर माणसाला पुढच्या बससाठी बावीस मिनिटं ताटकळावं लागे. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, सोमवारपासून दर चार मिनिटांनी बस.

सोमवारी संध्याकाळी शास्त्री लाँचमधून उतरले, बायको मेट्रोचा जिना उतरून आली, आणि दोघं बाकावर टेकतायत न टेकतायत तोच बस हजर. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. घर दोन खोल्यांचं, त्यात आईवडील, बहीण आणि तीन मुलं. तिथे नवराबायकोचं बोलणं म्हणजे गॅस संपलाय आणि नळ गळतोय. बाकी सगळं बोलणं गेली अकरा वर्षं याच बाकावर झालं होतं.

त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून हळूच विचारलं, "काहीतरी सांगणार होतीस ना?" तर आतून आईच म्हणाली, "मी? नाही रे."

आठवडा असाच गेला. रोज शेजारी झोपणाऱ्या बायकोची शास्त्रींना चक्क आठवण येऊ लागली. पुढच्या सोमवारी बस आली, तेव्हा ती उठलीच नाही.

"अहो, ही जाऊ द्या ना."

"अगं, चार मिनिटांत दुसरी येईल."

"मग तीही जाऊ द्या."

त्यांनी पाच बस जाऊ दिल्या. पण शास्त्रींच्या गळ्यात कचेरीचं ओळखपत्र होतं, आणि ते रांगेतल्या एका मास्तरांनी वाचलं. परिवहनचाच माणूस बसमध्ये चढत नाही, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. मास्तरांनी तसं विचारलंही. शास्त्री गडबडून म्हणाले, "छे, तसं काही नाही," आणि ते अशा सुरात म्हणाले की मास्तरांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवसापासून मागून चांगली गाडी येणार असल्याची बातमी रांगभर झाली. बस रिकाम्या जाऊ लागल्या, आणि साठ माणसं बाकाभोवती कान टवकारून उभी राहू लागली. नवराबायको मग हवापाण्यावर बोलत.

महिनाअखेरीला आकड्यांनी निर्वाळा दिला की धक्क्यावर बस कुणालाच नको आहे. साहेबांनी शास्त्रींना उभ्या उभ्या झापलं आणि जुनं वेळापत्रक परत लावलं. बोलणी खाऊन इतका आनंद शास्त्रींना आयुष्यात झाला नव्हता.

त्या संध्याकाळी ते जवळजवळ धावतच बाकाशी पोचले. महिन्याभराचं साठलं होतं.

"हं, बोल आता," ते म्हणाले.

"सांगते हो. जरा दमलेय," असं म्हणून तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला झोपच लागली.

शास्त्री हलले नाहीत. बावीस मिनिटांनी बस आली, दार उघडलं. ते बसूनच राहिले. रांगेने आधी बसकडे पाहिलं, मग शास्त्रींकडे पाहिलं. मास्तरांनी उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली, आणि बस रिकामीच निघून गेली.