लिहिलेलं आहे, तरी पाणी नाही

तोरणमाळच्या एका पाड्यावर शासनाने सौरपंप बसवला आणि त्याचा व्हॉल्व्ह रोज सहाला उघडावा, अशी व्यवस्था केली. उघडणारा प्रोग्राम संगणकाच्या सी भाषेत मी लिहिला. मी भूपेंद्र, पाणी कक्षातला कंत्राटी माणूस. चाळीस ओळी, त्यातली एकच कामाची: पाणी सोडा. फुलवंताबाई त्या नळाची राखणदार. पाणी आलं नाही, तर तिला तासभर दरीत उतरून हंडा आणावा लागतो.

आमचे हिंमतराव साहेब एकदा म्हणाले, पाहणीच्या दिवशीच पाणी सोडा, एरवी यंत्र कशाला झिजवायचं? मी सांगितलं, सोपं आहे. त्या ओळीच्या वर ‘इफडेफ तपासणी’ लिहायचं, खाली ‘एंडिफ’. प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘तपासणी’ जाहीर केली असेल तरच ती ओळ यंत्रात जाते. नाहीतर प्रोग्राम तयार होण्याआधीच गळते. कागदावर मात्र राहते.

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे लिहिलेलंही राहतं आणि होतही नाही?”

तीस वर्षं कक्ष याच तत्त्वावर चालला होता. त्याला संगणकात नाव आहे, हे ऐकून त्यांना भरून आलं.

मग प्रत्येक तपासणीआधी मी लॅपटॉप घेऊन घाट चढायचो आणि पाण्याचा प्रोग्राम भरायचो, नंतर बिनपाण्याचा. तपासणीची इतक्या ओढीने वाट बघणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल. मला लाज वाटायची, पण घाट उतरेपर्यंतच.

पुढे एका तपासणीत वरिष्ठांचे बूट चिखलात गेले. आदेश निघाला: तपासणी असताना पाणी बंद. आता जुना आदेश रद्द करावा की नाही? आमच्याकडे आदेश रद्द होत नाही, नवा त्यात बसवतात. मी ‘तपासणी असेल तर’च्या आत ‘तपासणी नसेल तर’ घातलं, आणि त्याच्याही आत पाणी. तपासणी असो वा नसो, ओळ गळणारच. प्रोग्राम मात्र झकास तयार झाला. चुका शून्य, इशारे शून्य. साहेबांनी तसा अहवाल पाठवला.

फुलवंताबाईने तक्रार केली. मी साहेबांना म्हटलं, पाण्याची ओळ यंत्रात जातच नाही. त्यांनी छापील प्रोग्राम काढून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते घरच्या अहिराणीवर आले.

“भाऊ, लिखेल शे ना? मंग अडचन काय शे?”

त्या पानाची साक्षांकित प्रत तिला पाठवण्यात आली. तीन दिवसांनी ती घाट उतरून नंदुरबारला आली. प्रत टेबलावर ठेवून, शब्द जुळवत, कचेरीच्या मराठीत म्हणाली, “साहेब, हा कागद पिळून दाखवा. एक हंडा भरला की जाते.”

साहेबांनी प्रत आवक नोंदवहीत घेतली. ती परत घाटाला लागली.

दोन्ही अटी मी पाच मिनिटांत खोडू शकतो. पण लेखी आदेश नाही, आणि माझं कंत्राट मार्चला संपतंय. तुम्ही मला नावं ठेवत असाल, खुशाल ठेवा. तिच्यासाठी काहीतरी करावं, असं तुमच्याही मनात लिहिलेलं असेलच. फक्त ते कुठल्या अटीच्या आत लिहिलंय, एवढं बघून घ्या.