सासऱ्यांच्या रेडिओचा घसा

बिघडलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. बायको म्हणते, म्हणूनच आपल्या घरात चालू वस्तू कमी आहेत. तिकडे दुर्लक्ष करा. या खेपेला सासुरवाडीला जाऊन सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्यांच्या मनात घर करायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलत आले होते.

रेडिओ जुनाट खोकला झाल्यासारखा खरखरायचा. एक थोबाडीत मारली की दोन वाक्यं बोलायचा, पुन्हा खर्रर्र. रोग सोपा होता. काचेचे व्हॉल्व्ह ज्या खोबण्यांत बसतात तिथे आणि व्हॉल्व्हच्या पायांवर हिरवट गंज चढला होता.

दुपारी सासरे आडवे झाले तशी मी वायर काढली, मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडलं आणि सगळे व्हॉल्व्ह उपसून वर्तमानपत्रावर मांडले. पाय पॉलिश पेपरने घासले. खोबण्यांतून स्पिरिटचा बोळा फिरवला. काम इतकं झकास झालं की त्या भरात मी काचाही पुसून लखलखीत केल्या.

"त्यांच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं ना?" बायकोने विचारलं.

होतं. त्यांचे नंबर. ते आता माझ्या बोळ्यावर होते.

कुठला व्हॉल्व्ह कुठे बसवायचा? जाडा एकच होता, तो ओळखू आला. डोक्यावर टोपी असलेलाही सापडला. उरले ते दोघं अगदी जुळे. इतक्यात सासरे दारात.

"काय चाललंय?"

"काही नाही, पाय साफ करतोय."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून ते ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखे बसून राहिले.

"वाचेल ना?"

"वाचेल की," मी म्हणालो. माझाही घसा खरखरत होता.

जुळे अंदाजाने बसवले, वायर लावली. व्हॉल्व्ह तापून लालसर झाले आणि रेडिओ ढिम्म. सासरे हात उगारून उठले. रेडिओसाठी की माझ्यासाठी, ते कळेना.

"अरे, त्या दोघांची अदलाबदल करून बघ," बायको म्हणाली.

वायर काढायचं मला सुचलं. व्हॉल्व्ह गार व्हायची वाट पाहायचं सुचलं नाही. मग माझी बोटं पेल्यातल्या पाण्यात आणि बाकीचं काम बायकोच्या हातात, अशी वाटणी झाली.

रेडिओ बोलला. बातम्या देणारी बाई शेजारच्या खुर्चीत बसली असावी, इतका स्वच्छ आवाज. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या.

"हा आपलाच रेडिओ? मग इथे कशाला? जावईबापू, उचला आणि ओट्याशेजारी ठेवा. काम करताना ऐकायला होईल मला."

सासूबाईंना नाही म्हणणारा जावई अजून जन्माला यायचाय. मी ओल्या बोटांनी तो जड खोका उचलून ठेवून आलो. सासरे टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते.

"जावईबापू," ते हळू आवाजात म्हणाले, "तो खरखरायचा म्हणूनच माझ्याकडे होता."