वेलिमिरच्या बँडला पेंग आली

"यंदा माझा ओठ थरथरला, तर हा ट्रम्पेट शेळीच्या गळ्यात बांधीन!" बँडमास्तर वेलिमिरने भर बाजारात छाती ठोकून सांगितलं.

खरं तर गेली तीन वर्षं तो जत्रेतल्या स्पर्धेत मंचावर चढला रे चढला, की त्याचा ओठ लटपटायचा आणि ट्रम्पेटमधून चुकलेल्या कोकरासारखा आवाज निघायचा! ढोलवाल्या स्रेच्कोने बजावूनच ठेवलं होतं, "दादा, यंदाही तेच झालं तर बँड मी चालवणार!" बँड वडिलांनी उभा केलेला. वेलिमिरची झोप उडाली.

उपाय घरातच होता. दोन होते, हीच पंचाईत! आई देसांका ओढ्याकाठच्या ओदोल्येनची, म्हणजे पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांच्या त्या रोपाची, मुळं खणून आलुबुखारच्या दारूत मुरवायची. वास असा, की अख्ख्या पलटणीने एकदम मोजे काढलेत!

"घे वेल्या, एक चमचा. माझ्या आजीने यावर रडकी पोरं निजवली, भांडखोर सासरा निजवला!"

बायको ल्युबिंकाचा जीव होमिओपथीवर. "अहो, ते मोज्यांचं पाणी नका पिऊ! डॉक्टरांनी त्याच झाडाच्या गोळ्या दिल्यात. चार जिभेखाली धरा."

देसांकाने एक गोळी उजेडात धरली. "यात झाड कुठंय?"

"जितकं कमी, तितकं लागू पडतं, सासूबाई!"

"असं? मग उद्यापासून सुपात मटण नुसतं दाखवून काढत जा!"

वेलिमिरने दोघींनाही गुपचूप सांगितलं, "फक्त तुझंच घेतोय हं!" आणि बाटली एका खिशात, गोळ्या दुसऱ्या खिशात घालून तो जत्रेला निघाला.

भर दुपारी, आलुबुखारच्या झाडांखाली, गाडीमागे दडून त्याने बाटली तोंडाला लावली. तेवढ्यात मागून स्रेच्को!

"एकटाच पितोस, दादा? काकूची घरची दिसते!"

हे घाबरटपणावरचं औषध आहे असं सांगायचं तरी कसं? वेलिमिरने बाटली पुढे केली. बाटली सहाही वादकांत फिरली.

"वास मेला भयंकर," स्रेच्को ओठ पुसत म्हणाला, "पण उतरते झकास!"

बाटली रिकामीच परत आली. वेलिमिरने उरलेल्या सगळ्या गोळ्या तोंडात टाकल्या.

नाव पुकारलं गेलं. त्याने ट्रम्पेट ओठांना लावला आणि काय आश्चर्य! ओठ दगडासारखा स्थिर! आनंदाने त्याला रडूच आलं असतं, पण तेवढीही घाई होईना. पहिला सूर सायीसारखा हलकेच पसरला. घोड्यासारखा उधळणारा कोलो नाच गवताच्या गाडीसारखा डुलत निघाला. ढोल एकदा वाजला, की पुढच्या ठोक्याआधी सावकाश एक पीच खाऊन व्हावा! हातात हात गुंफून धावायला निघालेली माणसं अडखळली, थांबली, मग पाण्यातल्या शेवाळासारखी झुलू लागली. घागरे हळूहळू फुलत होते, हळूहळू मिटत होते. बायकांनी डोळे मिटले. डोंगर श्वास घेताहेत असं वेलिमिरला वाटलं. एका ढगावर वडील बसले होते, पायाने ताल धरून. आणि कधी नव्हे ते हसत होते!

वाजवणं कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. बक्षीस अर्थातच दुसऱ्यांना गेलं. बँड मागायला स्रेच्को पुढे येणार कसा? तो ढोलावर गाल टेकून घोरत होता!

"बघितलंत? माझ्या गोळ्या!" गर्दीतून सासूसोबत पुढे आलेली ल्युबिंका म्हणाली.

"डोंबल! माझं मूळ!" देसांका कडाडली.

तेवढ्यात ऐंशी वर्षांचे रादिसाव आजोबा टोपी हातात घेऊन, डोळे पुसत आले.

"मास्तर, असं वाजवणं उभ्या जन्मात ऐकलं नाही! ठरलं. माझ्या अंत्ययात्रेला तुम्हीच!"

वेलिमिरचे डोळे अजून अर्धेच उघडे होते. त्याने सवयीने वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि विचारलं,

"तारीख कोणती धरू?"