कोरांटीची मारबत

माझ्या हातून झाड मरत नाही! पोळ्याच्या संध्याकाळी अंगणात छाती काढून मी हे वाक्य बोललो. बायको आणि साळा दोघंही समोर होते, त्यामुळे आता नाकारताही येत नाही.

त्याचं असं झालं. माझी सासू जन्मभर चिखल्याच्या खाण कॉलनीत राहिली. क्वार्टरमागे तिची जांभळी कोरांटी होती. तिला खत नाही, आळं नाही, कोणी तांब्याभर पाणीही घालत नसे. उन्हाळ्यात नुसत्या काड्या, आणि दिवाळीला बघावं तर पान दिसू नये इतकी फुलं! सासूबाई गेल्या, आणि यंदा ते जुने क्वार्टरही पाडायला घेतले. म्हणून माझा साळा लिलाधर कोरांटी मुळासकट काढून, ओल्या बारदान्यात गुंडाळून, मोटरसायकलवर आमच्या गावी घेऊन आला.

"ताई, मायचं आता येवढंच राहिलं," तो म्हणाला.

पुष्पाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डोळ्यांत पाणी आलं. "आताच लावून टाकू न जी!"

"सणाच्या दिवशी कायले माती उकरतेस? सकाळी लावतो. रानची जात आहे, आणि माझ्या हातून..." पुढचं वर आलंच आहे.

कोरांटी दाराशी टेकवून ठेवली. आता पोळ्याला आमच्याकडे दाराशी आणखी काय असतं? पळसाच्या फांद्या! त्यांना आम्ही मेढे म्हणतो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते गावाच्या शिवेबाहेर नेऊन फेकायचे, आणि जाताना मारबतीच्या, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणारीच्या, नावानं बोंबलायचं, म्हणजे घरातली रोगराई त्यांच्यासोबत जाते.

पहाटे पुष्पानं मला गदागदा हलवलं. "उठा न! सारी गल्ली गेली, आपलेच मेढे राहिले!"

मी अर्धवट झोपेत उठलो. अंधारात दाराशी जे जे उभं होतं ते सगळं काखेत मारलं. हाताला बारदाना लागला. मी राइस मिलमधला कारकून, चांगला बारदाना मी कधी फेकत नाही! तो सोडवून ओसरीत ठेवला आणि निघालो. यंदा मेढा जड का लागतोय, असं एकदा मनात आलं. पण तेवढ्यात ओरडायला सुरुवात झाली होती.

"इडा, पिडा, खासी, खोकला घेऊन जाऽऽ गे मारबत!"

"टेकचंदभाऊ, यंदा लय जोर आहे जी!" शेजारची चंद्रभागाबाई कौतुकानं म्हणाली. मला आणखी चेव आला. गरगर फिरवून असं भिरकावलं की विचारू नका!

घरी आलो तर पुष्पा दारात, हातात कुदळ. "कोरांटी कुठं ठेवली?"

मी दाराकडे पाहिलं. मग बारदान्याकडे. मग चिखलानं भरलेल्या माझ्या हातांकडे. पळसाच्या फांदीला माती कुठून लागणार, बाप्पा!

"फेकली," मी म्हणालो.

"माह्या मायची कोरांटी मारबत म्हणून फेकली?"

मी धूम ठोकली. शिवेवर मुरमाच्या ढिगावर, पळसाच्या फांद्यांखाली कोरांटी सापडली. उचलली, वळलो, तर रस्त्यात हात पसरून चंद्रभागाबाई!

"थांबा! काहून परत आणून राहिले?"

"मावशी, हा मेढा नाही. कोरांटी आहे, सासूची!"

"कोणाची का असंना! साऱ्या गावाचा खोकला तुम्हीच तिच्यावर घातला, तोही बोंबलून! माहा नातू कालच तापातून उठला. नाही येऊ देत मी!"

मग मी दुसऱ्या वाटेनं, तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून निघालो. कोरांटी शर्टाच्या आत. तळ्यात जागेश्वर ढिवर जाळं टाकून उभा होता. "रामराम भाऊ!" तो म्हणाला. "तुमच्या गळ्यातून फांदी निघाली जी!" आणि लगेच साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "मावशीऽऽ, हा इकडून आणून राहिला!"

दहा बाया मला शिवेवर परत घेऊन गेल्या. तेवढ्यात पुष्पा आली. हातात तीच कुदळ! मला वाटलं, आटोपला आपला कारभार. पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. कोरांटी घेतली, तिथंच मुरमात खड्डा खणला आणि लावली. माती दाबताना ती रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इथं तर चालते न, मावशी?" तिनं विचारलं.

चंद्रभागाबाईचा चेहरा उतरला. तिनं तळ्यावरून लोटाभर पाणी आणलं आणि कोरांटीच्या मुळाशी घातलं.

आठवड्यात सगळी पानं गळली. बकऱ्यांनी शेंडे खाल्ले. पुष्पा रोज जाऊन बघायची आणि मुकाट परत यायची. मला तिकडे फिरकायची बंदी होती. मग एक दिवस ती पळतच आली, "फुटली! फुटली जी!"

आणि दिवाळीत काय सांगू! त्या उजाड मुरमावर, धूळ खात, ट्रॅक्टरच्या वाटेला ती अशी फुलली की माणसं सायकली थांबवून बघत. काय जिद्द त्या झाडाची! मी मनातल्या मनात सासूबाईंना दंडवत घातला. चंद्रभागाबाई तर रोज देवाला तिचीच फुलं वाहायची. एकदा तिनंच एक कोवळी फांदी आणून पुष्पाच्या हातात ठेवली. "लाव अंगणात. हे नवी आहे, हिले काही लागलं नाही." ती फांदी पुष्पानं लावली. मला पाण्याचा तांब्यासुद्धा धरू दिला नाही.

परवा शिवेवर तुमसरचा एक माणूस मोटरसायकल थांबवून त्या फुलांकडे पाहत उभा होता. "वा! येवढ्या मुरमात कोणाच्या हातानं जगली जी?"

मी घसा साफ केला. पण पुष्पा सोबत होती, आणि तिनं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मारबतीच्या आरोळीसकट!

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग अगदी अदबीनं हात जोडून मला म्हणाला, "काका, आमच्या घरी जास्वंद जगूनच नाही राहिली. एकदा येऊन फेकून देता का?"